गोधडीस गिऱ्हाईक कोठे शोधावे?

गेल्या वैशाखात आम्ही करमाळे तालुक्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू गावांतून हिंडत होतो. निघालो होतो कडब्याच्या भावाची चौकशी करावयास. पण साडे-सालसे भागातील एका घरी ओसरीवर दोघी जावा गोधडी शिवीत बसलेल्या दिसल्या आणि आमचा पाय तेथेच अडखळला. भर दुपारची वेळ. बाहेर ऊन रणरणत होते, रान मोकळे होते, आणि त्या दोघी चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून समोरासमोरून धावदोरा घालीत येत होत्या. मागे पत्र्याच्या पेटीवर अशाच सहा गोधड्या घडी करून रचलेल्या होत्या. थोरल्या जावेने आम्हांस पाणी दिले आणि विचारले, "दादा, व्यापारी सातशेला एक मागतोय. पोरीला बार्शीला शिकायला घालायची हाय, जूनमधी फी भरायची. द्याव्या का ठेवाव्या? तुम्ही शेतकऱ्याच्या मासिकात लिहिता, तुम्हीच सांगा."

कडब्याचा भाव आम्ही तोंडपाठ सांगितला असता. गोधडीचा भाव आम्हांस सांगता आला नाही, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आपण ज्वारीची एकरी उतारी, खताचा खर्च, बैलाचा रोज या सर्वांचा हिशेब वर्षानुवर्षे छापीत आलो; परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरात दुपारच्या वेळी जो जिन्नस तयार होतो त्याचा हिशेब आमच्या पानांवर कधी आला नाही. प्रस्तुतचा लेख त्या उणिवेची अंशतः भरपाई म्हणून लिहिला आहे.

प्रथम भावाचेच पाहू. त्या बाईंसमवेत बसून आम्ही जो हिशेब मांडला तो असा. जुन्या साड्या पाच, त्या घरच्याच असल्या तरी भांडीवाली त्यांचे जे मोल देते ते धरून २०० रुपये. खालच्या अस्तरास नवे कापड २५० रुपये. दोरा १०० रुपये. एकूण जिन्नस ५५० रुपयांचा. श्रम म्हणाल तर दोघी बाया, रोज तीन तास, असे बारा दिवस. म्हणजे ७२ तास. खुरपणीची मजुरी आठ तासांस ३०० रुपये धरली तर ताशी साडेसदतीस रुपये पडतात, आणि श्रमाचे मोल २७०० रुपये होते. सर्व मिळून गोधडी ३२५० रुपयांस पडली. व्यापारी देणार ७००. त्यांतून जिन्नसाचे ५५० वजा केले तर उरतात १५० रुपये. ७२ तासांना १५० रुपये, म्हणजे ताशी दोन रुपयांहून किंचित अधिक. हा आकडा ऐकताच धाकटी जाऊ हसली आणि सुई ठेवून आत गेली. थोरली हसली नाही.

कोणी म्हणेल, उन्हाळ्यात रानात काम नसते, तो वेळ फुकटच जावयाचा. मग त्याची मजुरी कशास धरावी? या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणून आम्ही पूर्ण मजुरीचा आग्रह धरीत नाही. अर्धी मजुरी धरली तरी गोधडी १९०० रुपयांस पडते. सदरहू आकडे त्या एका घरचे आहेत. दुसऱ्या घरी कापड, टाका आणि मजुरी निराळी असेल, तेव्हा प्रत्येकीने आपला हिशेब आपण मांडावा. परंतु मोकळ्या वेळेचे मोल शून्य धरून चालणे हीच या धंद्यातील मूळ खोट आहे. व्यापाऱ्यास दोष देण्यापूर्वी हे ध्यानी घेतले पाहिजे की, भाव ठरविताना आपण स्वतःच आपल्या घरच्या बायकांचे श्रम हिशेबातून पुसून टाकलेले असतात.

आता विकावे कोठे? पहिले उत्तर सर्वांच्या तोंडी येते ते शुक्रवारच्या बाजाराचे. करमाळ्याचा शुक्रवारचा बाजार जुना आणि मोठा. गुरे, धान्य, भाजीपाला यांस तो उत्तम. परंतु गोधडी तेथे विकावयास बसणे व्यर्थ आहे, कारण त्या बाजारास येणाऱ्या प्रत्येक घरी गोधडी शिवणारे हात आहेतच. जो जिन्नस घरोघर होतो त्यास त्या गावी गिऱ्हाईक नसते. विहिरीच्या काठी पाणी विकावयास बसण्यासारखेच हे आहे.

या बाबतीत आपल्याच तालुक्यातील केम गावाचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. केमचे कुंकू प्रसिद्ध आहे. हळकुंडापासून कुंकू करण्याची विद्या त्या गावाने धरून ठेवली. पण केमच्या कुंकवाचे मोठे गिऱ्हाईक केमास नाही. ते पंढरपूर, तुळजापूर अशा क्षेत्रांच्या ठायी आहे. तेथे यात्रेकरू येतो, देवास कुंकू वाहतो आणि घरी आयाबहिणींस नेण्याकरिता एक पुडी कमरेला खोचतो. जिन्नस हलका, टिकाऊ, थोड्या पैशांचा, आणि घेणाऱ्याच्या मनात त्याचे स्थान आधीच ठरलेले. शिवाय केम लोहमार्गावर आहे.

लोहमार्गाची गोष्ट निघालीच आहे तर थोडे विषयांतर करितो. बालाघाटातून पुण्याकडे आणि अहमदनगराकडून सोलापुराकडे जाणारे व्यापाराचे रस्ते पूर्वी करमाळ्यास एकमेकांस छेदीत. निंबाळकरांच्या भुईकोटाच्या आश्रयाने येथे मोठी पेठ वाढली. पुढे १८५९-६० साली पुण्याकडून आगगाडी बार्शी रोडास, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीस, आणि तेथून सोलापुरास पोहोचली. तिने करमाळे बाजूस टाकले; जवळचे स्थानक जेऊर, तेही सुमारे १८ किलोमीटरांवर. पेठेचा पुष्कळसा व्यापार त्या रुळांवरून निघून गेला. तेव्हापासून करमाळ्याच्या उत्पादकास गिऱ्हाईक घरी चालून येत नाही, त्याने गिऱ्हाइकाकडे गेले पाहिजे, ही स्थिती आहे. उजनीचे पाणी ज्यांस मिळाले त्या कंदर-वांगीकडील बागाईतदारांच्या दारी केळीचे व्यापारी येतात. पूर्वेकडील कोरडवाहू घरास ते भाग्य नाही, आणि गोधड्या अधिक शिवल्या जातात त्या नेमक्या अशाच घरी.

यात्रांविषयी बोलावयाचे तर सर्व यात्रा सारख्या नव्हेत. आषाढीस पंढरपुरी लक्षावधी लोक लोटतात म्हणून तेथे गोधड्यांचा गठ्ठा घेऊन जाणे शहाणपणाचे नाही. वारकरी पायी आलेला, पावसात भिजलेला, खांद्यावर पडशी. तो तीन किलोंचे ओझे विकत घेणार नाही. त्यास तुळशीची माळ, बुक्का, कुंकू, फार तर कापडी पिशवी हवी असते. उलट सोलापुरास संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, ती थंडीची आणि बहुतेक गिऱ्हाईक शहरातील किंवा आसपासचे. तेथे पांघरुणाची आठवण लोकांस आपोआप होते. मात्र तेथे सोलापुरी चादरीशी गाठ आहे, हे विसरू नये. यंत्रमागाच्या चादरीपेक्षा स्वस्त होण्याचा प्रयत्न हातशिलाईच्या गोधडीने कधीही करू नये. त्या शर्यतीत हात नेहमी हरतो. सोलापुरी चादरीस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळून बरीच वर्षे झाली, तरी तिच्या नावाने दुसरीकडचा माल विकला जातो अशी तक्रार ऐकू येतेच. नाव कमावणे एक आणि ते राखणे दुसरे.

शहरांतील प्रदर्शनांचा मार्ग अलीकडे पुष्कळ बचत गटांनी धरला आहे. पुण्यास हिवाळ्यात भरणारी भीमथडी जत्रा बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने नावारूपास आणिली. मुंबईस महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत भरते. तेथे येणारे गिऱ्हाईक हातचे काम ओळखते आणि त्याचे मोल देण्याच्या तयारीने येते, हा मोठा लाभ होय. परंतु खर्चाचा विचार आधी करावा. दोघी बाया पाच दिवस गेल्या, गाडीभाडे, जेवण, मालाची वाहतूक मिळून ६००० रुपये लागले असे धरू. दहा गोधड्या विकल्या तर प्रत्येकीवर ६०० रुपयांचा बोजा पडतो; चारच विकल्या तर १५०० रुपयांचा. म्हणून एका गावच्या एका घराने जाऊ नये. पाच-सहा गावांचा माल दोघींनी न्यावा, आणि त्यांपैकी एक तरी बोलकी असावी. आम्ही एका प्रदर्शनात पाहिले, उत्तम वाकळ घेऊन बसलेली बाई संकोचाने मान खाली घालून बसली होती, आणि शेजारची चटकदार बोलणारी बाई कारखान्यात शिवलेले पलंगपोस हातशिलाईचे म्हणून खपवीत होती. मालाने स्वतः बोलावे हे पुस्तकात ठीक आहे.

प्रदर्शनाचा खरा नफा त्या पाच दिवसांच्या विक्रीत नसून तेथे मिळणाऱ्या पत्त्यांत आहे. प्रत्येक घेणाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक वहीत उतरून घ्यावा, आणि गोधडीस शिवणारीचे नाव, गाव व संपर्काचा क्रमांक यांची कापडी चिठ्ठी टाचावी. आमच्या माहितीतील पुष्कळ भगिनी परत येताना पैसे आणतात, पत्ते आणीत नाहीत.

रेल्वेने २०२२ पासून स्थानकांवर स्थानिक मालाच्या विक्रीसाठी छोटी दुकाने देण्याचा उपक्रम चालविला आहे. लोहमार्गाजवळच्या गटांनी त्याची चौकशी अवश्य करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीकाम आहे, टोपल्या-चटया-केरसुण्या करणाऱ्यांचे काम आहे, आणि पात्र कारागिरास पहिल्या हप्त्यास १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज सवलतीच्या व्याजाने मिळण्याची तरतूद आहे. परंतु कर्ज मिळाले म्हणजे गिऱ्हाईक मिळाले असे नव्हे. आधी गिऱ्हाईक, मग कर्ज, हा क्रम आम्ही सुचवितो.

आता दुकानदाराकडे माल ठेवण्याविषयी. यात आम्ही स्वतः पोळलो आहो. दोन वर्षांपूर्वी आमच्या संघाने एका मोठ्या शहरातील एका दुकानात १४ गोधड्या 'विकतील तसे पैसे' या बोलीवर ठेवल्या. लेखी काही घेतले नाही. दुकानाची सजावट पाहून आम्ही भुललो. नऊ महिन्यांनी नऊ गोधड्या परत आल्या. त्यांपैकी दोन खिडकीच्या उन्हाने विटलेल्या होत्या आणि एकीचा कोपरा उंदराने कुरतडलेला होता. उरलेल्या पाचांचे पैसे दोन हप्त्यांत, तेही तीन वेळा खेटे घातल्यावर मिळाले. ज्या भगिनींच्या त्या गोधड्या होत्या त्यांच्यापुढे जाताना आम्हांस जी लाज वाटली ती लिहून उपयोग नाही. आडत्याकडे ज्वारी टाकताना आपण पट्टी मागतो, वजन पाहतो, तोलाई-हमाली विचारतो. गोधडी टाकताना तेवढी सावधगिरी का नसावी? किती नग, कोणत्या भावाने, आडत शेकडा किती, पैसे किती दिवसांत, खराबी झाल्यास भरून कोण देणार, एवढ्या पाच गोष्टी कागदावर घेतल्याविना माल दारातून हलवू नये. होता होईल तो रोखीनेच द्यावा, मग भाव शे-दोनशेने कमी आला तरी चालेल.

पैसे वेळेवर न मिळणे हे दुखणे केवळ आपलेच नव्हे. बांगलादेशात खेड्यांतील बाया जुन्या साड्यांचीच 'कांथा' नावाची गोधडी शिवतात. तेथील ब्रॅक संस्थेने रेशीम व हस्तकलेचे काम करणाऱ्या खेडूत बायांचा माल ढाक्याच्या दुकानांस दिला, तेव्हा पैसे हाती येण्यास महिनेच्या महिने लागत. त्यावर उपाय म्हणून १९७८ साली तिने 'आडोंग' हे स्वतःचे दुकान काढले. बाईने माल आणला की पैसे तिच्या हाती पडावेत आणि विक्रीची वाट संस्थेने पाहावी, हा त्यामागचा हेतू. आज ते त्या देशातील मोठ्या विक्रीगृहांपैकी एक आहे.

अमेरिकेतील दुसरे उदाहरण शेतकऱ्यांचेच आहे. अलाबामा संस्थानात कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांतील बाया कामाचे फाटके कपडे जोडून रजया शिवीत. १९६६ साली त्यांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी मंडळी स्थापिली, आणि त्यांचा माल न्यूयॉर्कास जाऊ लागला. पुढे एका मोठ्या विक्रीसंस्थेकडून उश्यांच्या अभ्य्रांचे ठोक काम मिळाले. त्याने नियमित मजुरी आली, पण सर्व नग एकाच नमुन्याचे हवे असल्यामुळे प्रत्येकीच्या मनातील नक्षीस तेथे जागा उरली नाही. गंमत अशी की, २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंड या खेड्याच्या ज्या रजया मांडल्या गेल्या आणि नावाजल्या गेल्या, त्या बायांनी आपल्या घरच्यांसाठी, आपल्या मनाने शिवलेल्या होत्या. ठोक काम नाकारावे असे आम्ही म्हणत नाही. फी भरावयाची असते तेव्हा कोणी नाकारू शकत नाही. पण सारे हात त्यालाच गुंतवू नयेत.

आता ज्या मार्गावर आमचा सर्वांत अधिक भरवसा बसला आहे तो सांगतो. शहरांतील पुष्कळ घरी आईच्या, आजीच्या जुन्या साड्या कपाटात पडून असतात. नेसवत नाहीत, टाकवत नाहीत. त्या साड्यांची गोधडी कोणी शिवून दिली तर ती घरे आनंदाने मजुरी देतात, आणि घासाघीसही फारशी करीत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती गोधडी बाजारातली वस्तू नसतेच. शिवणारीच्या बाजूने पाहिले तर वरच्या कापडात भांडवल गुंतत नाही, माल पडून राहत नाही, आणि विक्री शिवण्याच्या आधीच झालेली असते. शेतकऱ्यास याहून अधिक काय हवे? पेरणीपूर्वीच पीक विकले जाण्यासारखे हे आहे.

मात्र परक्याची साडी हाती घेणे ही जोखीम आहे. साड्या आल्याबरोबर त्या मोजून, प्रत्येकीचे छायाचित्र काढून गिऱ्हाइकास पाठवावे. रंग जातो काय, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावे. एका लाल साडीने साऱ्या गोधडीचा नाश केल्याचे आम्ही पाहिले आहे. काठ-पदर कोठे यावेत हे विचारल्याविना कात्री लावू नये. निम्मी रक्कम विसार म्हणून आधी घ्यावी. आणि मुदत सांगताना ज्वारीची काढणी ध्यानात ठेवावी. माघ-फाल्गुनात कोणी काम घेऊन आले तर 'पाडव्यानंतर' असे स्वच्छ सांगावे. शहरातील माणूस थांबण्यास तयार असतो. खोट्या वायद्याने मात्र तो कायमचा जातो. वर्णन लिहिताना लांबी-रुंदी फुटांत, वजन किलोत आणि धुण्याची रीत एवढे पुरे.

सर्वांत कठीण गाठ राहिली ती हंगामाची. गोधडी शिवली जाते चैत्र ते ज्येष्ठ, आणि तिला मागणी येते पावसाळ्यात व थंडीत. मधल्या चार-सहा महिन्यांची कळ घराला सोसत नाही, कारण जूनमध्ये बी-बियाणे, खत आणि मुलांच्या फिया एकदम उभ्या राहतात. व्यापारी वैशाखात सातशेला का मागतो आणि कार्तिकात तिप्पट भाव का घेतो, याचे गमक येथे आहे. सुगीत धान्य स्वस्त टाकावे लागते तोच हा प्रकार. धान्यापुरता त्यावर एक तोड निघालेली आहे. राज्याच्या कृषि पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालविली असून तीत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या ज्वारी, तूर, सोयाबीन इत्यादी मालावर त्याच्या किमतीच्या पाऊणपट उचल सहा महिन्यांच्या मुदतीने मिळते. गोधडी त्या यादीत नाही, व्हावी असेही आम्ही म्हणत नाही. पण तेच तत्त्व लहान प्रमाणावर गावच्या संघास लावता येणार नाही काय?

त्या दोघी जावांच्या बाबतीत आम्ही ते लावून पाहिले. सहा गोधड्या संघाच्या कोरड्या खोलीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या आणि प्रत्येकीवर १००० रुपयांची उचल दिली. मुलीची फी त्यातून भरली गेली. श्रावणात एक गोधडी २८०० रुपयांस गेली, दिवाळीच्या सुमारास आणखी तीन. दोन अद्याप आमच्याकडे आहेत, त्यांपैकी एकीचा रंग फिका आहे आणि ती बहुधा कमी भावाने द्यावी लागेल. विकलेल्या चारांचा हिशेब उचल वजा करून त्यांस पोहोचता केला आहे. मार्गशीर्षात पुण्याच्या एका गृहिणीकडून सात साड्यांचे पुडके आले. थोरलीने त्या मोजल्या, एक इरकली बाजूस काढली आणि म्हणाली, "ही कापायची न्हाई. ही चांगली हाय, तिला नेसू द्या." गिऱ्हाइकाने ती परत मागविली आणि बदली दुसरी पाठविली.

संघाची ही खोली येत्या चैत्रापासून इतर गावांच्या भगिनींसही खुली राहील. एका घरच्या चारांपेक्षा अधिक गोधड्या घेतल्या जाणार नाहीत. गोधडी धुऊन, पूर्ण वाळवून आणावी. शिवणारीचे नाव, लागलेले दिवस आणि कापडाचा खर्च एका कागदावर लिहून आणावा. लिहिता येत नसेल तर आम्ही विचारून लिहून घेऊ.